पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर सुधारणा फारच हळू, मदत हवी आहे

विणकर_पूर्वभाग
जानेवारीत, संक्रांतीला भरणारी सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपल्यावर माझ्या पाठीची शस्त्रक्रिया झाली. आता मे संपत आला, तरी मला अर्धा तास सलग बसवत नाही. एक दिवस बरा जातो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणावर काढावे लागतात. दुपारी घरात कोणी नसते तेव्हा आपण कायमचे निकामी झालो हा विचार मनातून हटत नाही, आणि संध्याकाळी तो राग मुलांवर निघतो. असे किती दिवस चालते? कृपया लवकर सांगावे.

नीलकंठ
आपण शस्त्रक्रिया कोणती, हेच लिहिलेले नाही. मणक्यातील गादीचा सरकलेला भाग काढला, की स्क्रू घालून मणके जोडले? पाय बधिर आहे का? तंबाखू खाता का?

रेवा_सोलापूर
माझ्या सासऱ्यांना गरम तिळाच्या तेलाने मालिश केल्यावर पुष्कळ आराम पडला होता. एकदा करून पाहावे.

नीलकंठ
ताई, सासऱ्यांच्या मणक्यांत स्क्रू होते का? शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या जागी मालिश करण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

रेवा_सोलापूर
त्यांची शस्त्रक्रिया झालेली नव्हती, हे खरे. परंतु तेलाने अपायच होतो असेही नाही.

जुनी_गिरणी
झोपायची गादी कापसाची घ्यावी, फोमची घेऊ नये.

विणकर_पूर्वभाग
गादीविषयी मी विचारलेले नाही. कमरेतील एल-४ आणि एल-५ हे मणके स्क्रू घालून जोडले आहेत. डाव्या पायाचा अंगठा बधिर आहे. यंत्रमागावर दिवसभर उभे राहण्याचे काम असल्यामुळे मालक रोज निरोप पाठवतात. तंबाखू खातो, पण त्याचा पाठीशी काय संबंध?

नीलकंठ
थेट संबंध आहे. निकोटिनमुळे हाडाला होणारा रक्तपुरवठा घटतो आणि जोडलेले मणके एकजीव न होण्याचा धोका वाढतो. हाड पक्के जुळण्यास साधारण ६ ते १२ महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे आपण अजून त्या वाटेवरच आहात आणि मे महिन्यात पूर्ण बरे न वाटणे यात वावगे काही नाही. फार काळ दबलेली नस तर त्याहूनही सावकाश सुधारते. मात्र लघवी किंवा शौचावरील ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, पायातील शक्ती कमी होऊ लागली किंवा जखमेतून स्राव व ताप सुरू झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आता एवढे सांगा, बऱ्या दिवशी आपण नेमके काय करता?

विणकर_पूर्वभाग
विशेष काही नाही. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते. त्या दिवशी बरे वाटत असेल तर घागरी आणि बादल्या भरून वरच्या मजल्यावर नेतो. घरात दुसरे कोण नेणार?

सुमन_अक्का
दादा, मला वाटते तुमचे पुढचे दोन दिवस त्या घागरीच घेऊन जातात. माझ्या यजमानांचेही असेच होत असे. आम्ही खालच्या टाकीपासून वर लांब पाइप घेतला, आणि वाकून उचलण्याचे काम त्यांच्याकडून पूर्ण काढून घेतले. सकाळी ऊन चढण्याआधी ते थोडे चालत आणि दमण्यापूर्वीच परत फिरत; बरे वाटले तरी त्या दिवशी अंतर वाढवत नसत. मनाचे दुखणेही खरेच असते, त्याची लाज बाळगू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीवर, मोफत बोलता येते. मुलांनाही सांगावे की बाबा रागावले ते दुखण्यामुळे. मुले समजून घेतात.

जुनी_गिरणी
मालकांना डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी. उभ्याचे काम इतक्यात सुरू करू नये.

नीलकंठ
काम कधी सुरू करायचे हे पुढच्या एक्स-रेवर ठरेल, मालकांच्या निरोपावर नव्हे. तो कधी काढायचा आहे?

विणकर_पूर्वभाग
जूनच्या पहिल्या आठवड्यात. पाइपची चौकशी आजच करतो. तंबाखू एकदम सोडावी की हळूहळू, हे कोणी सांगू शकेल का?