क्यू सेव्हनची घडीची स्टेपनी, हवा सोडली तरी परत बसतच नाहीये

रामबागवाला
नमस्कार मंडळी. गाडी ऑडी क्यू सेव्हन, २०१० ची, तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली (किंमत विचारू नका, बाबांनाही अजून खरी सांगितलेली नाही). परवा ओंकारेश्वरहून इंदूरला घरी येताना भेरूघाट चढून वर आलो आणि मागचं डावं टायर बसलं. सोबत आई, मावशी आणि प्रसादाच्या पिशव्या. डिकीतली फळी उचलली तर खाली जी स्टेपनी निघाली ती बघून वाटलं कुणीतरी आतली हवा शोषून घेतलीय, रबर रिमला चिकटलेलं, बाजूंना घड्या. हवा भरायचा कंप्रेसर गाडीत असायला हवा होता म्हणे, तो नाहीच, विकणाऱ्याने दिला नाही आणि मी तीन वर्षांत फळी उचलून बघितली नाही, ही माझी अक्कल.

शेवटी एका बाइकवाल्या भल्या माणसाने मला आणि चाकाला सिमरोलला पंक्चरवाल्याकडे नेलं. तो आधी हसला, "भिया ये तो गुब्बारा है", मग हवा भरली, परत आलो, लावलं, पन्नासच्या वर न जाता घरी पोचलो. मूळ टायरचं पंक्चर काढून ते परत लावलं. आता स्टेपनीतली हवा सोडली तर ती अर्धवट फुगलेलीच आहे, डिकीच्या खड्ड्यात जात नाही. वर उभा राहून बघितलं, मुलगाही चढला, काही नाही. काय करू?

तिलकनगरकर
आधी मुलाला खाली उतरवा 😀 नुसतं पिन दाबून हवा सोडली ना? त्याने पूर्ण जात नाही. व्हॉल्व्हची पिनच पान्याने फिरवून बाहेर काढा आणि चाक तसंच सोडा. घडी आपोआप पडते पण काही तास लागतात, पाय देऊन होत नाही, उलट बाजूच्या घड्यांवर ताण येतो. रात्री ठेवा, सकाळी बघा. मग पिन परत बसवायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी भरलेली हवा तिथूनच फुर्र.

आणि दुसरं, पंक्चरवाल्याकडे नेऊन फुगवलीत ते ठीक, इलाज नव्हता, पण पद्धत उलटी आहे. घडीचं चाक तसंच गाडीला लावायचं, बोल्ट हाताने बसवून थोडे आवळायचे, मग जॅकवर असतानाच हवा भरायची, मग गाडी खाली घ्यायची आणि बोल्ट पूर्ण आवळायचे. चपटं असताना खाली घेतलंत तर रबर रिमखाली चिरडेल. हवा किती ते त्यावरच्या लेबलवर असतं, माझ्या स्टेपनीवर ३.५ बार लिहिलंय म्हणजे ५१ पीएसआय, नेहमीच्या टायरपेक्षा बरीच जास्त. आणि ८० च्या वर जायचं नाही, तेही पंक्चर काढेपर्यंतच.

तुमच्या गाडीत एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेलं) आहे का? असेल तर जॅक लावायच्या आधी स्क्रीनवर कार मेनूत जाऊन जॅक मोड ऑन करायचा, नाहीतर एक चाक उचललं की गाडी स्वतःच लेव्हल करायला बघते. माझ्या मेहुण्याने हे न करता जॅक लावला होता, गाडी अचानक फुस्स करून हलली, तो अजूनही त्या गाडीखाली हात घालत नाही.

जुनीगाडीवेडा
एक शंका, क्वाट्रो आहे ना, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते, मग बारीक स्टेपनी लावली तर डिफरन्शियलची (ती ताकद चाकांना वाटून देणाऱ्या गिअरची) वाट नाही लागत?

तिलकनगरकर
बारीक आहे पण उंचीला बारीक नाही. स्टेपनी १९५/७५-१८, फुगल्यावर साधारण ७५ सेंटिमीटर. त्याच गाडीचं २५५/५५ आर १८ टायर ७३.७ च्या आसपास. फरक सव्वा सेंटिमीटरचा. रुंदी मात्र फार कमी, त्यामुळे वळणावर आणि ब्रेकवर गाडी वेगळी वागते, घाटात तर सांभाळूनच.

जुनीगाडीवेडा
अच्छा. जाता जाता, स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ मध्ये तिथे हे जादा चाक निघालं, पंक्चर चाकावरच क्लॅम्पने अडकवायचं. इंग्रज विसरले असतील, आपण अजून डिकीत घेऊन फिरतो.

रामबागवाला
तिलकनगरकर, तुमचे पाय कुठे आहेत! सकाळी बघितलं तर खरंच आत गेली होती, पहिल्यासारखी. पण घडी पडताना एक गोष्ट दिसली, बाजूच्या वळणावर बोटाला जाणवतील अशा बारीक भेगा. टायरवर जो डॉट (DOT) कोड असतो त्याच्या शेवटी २१०९ लिहिलंय.

सुदामानगर_गॅरेज
म्हणजे २००९ च्या एकविसाव्या आठवड्यातलं. कधी न वापरलेलं असलं तरी रबरचं वय होतंच, आणि घडीचं टायर एकाच जागी वर्षानुवर्षं दुमडलेलं राहतं, भेगा तिथेच पडतात. टायर कंपन्याच सांगतात की स्टेपनीसकट दहा वर्षांच्या वर टायर वापरू नका. त्यात आपल्या माळव्यातला मे महिना आणि बंद डिकी. तुमचं नशीब की सिमरोल ते घर तेवढंच अंतर होतं. ५१ ची हवा त्या भेगांवर परत देऊ नका.

मी सांगू का, पंक्चर किट ठेवा, रबरी पट्ट्यांवालं, आणि चांगला कंप्रेसर. बाइकवाला छोटा नको, एवढ्या मोठ्या टायरला हवा भरताना तापून बंद पडतो. घडीचं टायर नवीन मिळालं तर उत्तमच, पण इंदूरमध्ये आयत्या वेळी मिळेल अशी आशा ठेवू नका. आणि स्टेपनीवर तेल, ग्रीस, पॉलिश काही लावू नका, साबणाचं पाणी पुरे, पूर्ण वाळल्यावरच आत.

अजून एक, ज्याचा कुणी विचार करत नाही: ही स्टेपनी लावली की तुमचं पूर्ण आकाराचं पंक्चर चाक त्या खड्ड्यात मावत नाही, ते चिखलासकट डिकीत सामानावर. एक जाड प्लॅस्टिकची गोणी ठेवा.

रामबागवाला
ते कळलंय, मावशीच्या पैठणीच्या पिशवीवर टायरचा गोल उमटलाय, तो विषय घरात अजून चालू आहे.

काल मोठा कंप्रेसर आणला, पुढच्या लायटरच्या सॉकेटला लावला, दोन मिनिटं चालला आणि सॉकेट मेलं. फ्यूज गेला वाटतं. मागच्या डिकीतल्या सॉकेटला लावून बघू का?

सुदामानगर_गॅरेज
थांबा, आधी कंप्रेसरच्या लेबलवर किती अँपिअर ते बघा आणि गेलेला फ्यूज काढून त्यावरचा आकडा इथे टाका. आणि इंजिन चालू ठेवूनच लावा.