आजींनाही बोलू द्या

आजींच्या नव्वदीला घरातल्या प्रत्येकाने त्यांची एकेक आठवण सांगायची, ही कल्पना छानच आहे. त्यात थोडी भर घालतो. अशा कार्यक्रमात बाकीचेच बोलत राहतात आणि जिचा वाढदिवस ती नुसती हसत बसते. त्यांनाही बोलतं करा.

"जुन्या आठवणी सांगा ना" म्हटलं की "आता काय सांगायचं" हे उत्तर ठरलेलं! त्यापेक्षा जुना फोटो हातात द्या आणि मागे उभा आहे तो कोण, एवढंच विचारा. वयस्कर माणसांना साधारण १० ते ३० या वयातलं आयुष्य जास्त आठवतं, असं स्मृतीच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. म्हणून शाळा, लग्न, पहिलं मूल या काळातले फोटो निवडा. त्या नावं सांगतील ती लगेच फोटोमागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. पेन नको, शाई पुढच्या बाजूला उमटते.

गोंगाटात श्रवणयंत्र असूनही शब्द नीट कळत नाहीत, तेव्हा गप्पांच्या वेळी गाणी बंद. मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, पण विचारून. एकच प्रसंग दोन भावंडं वेगवेगळा सांगतील. होऊ द्या भांडण, दोन्ही ठेवा. एखाद्या नावापाशी आजी गप्प झाल्या, तर मात्र पुढचा फोटो घ्या.

आणि सरप्राइज नको. आधी कळलं तर त्या स्वतःच कपाटातून काय काय काढून ठेवतील.