सिंगल स्पीड एमटीबी सायकलचा बेल्ट चढावर दात सोडायलाय, बेल्ट गेला का?

सुलीभंजन_सकाळी, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार मंडळी. मावसभाऊ बंगळुरूला गेला आणि जाताना त्याची सिंगल स्पीड एमटीबी, म्हणजे एकाच गिअरची डोंगरी सायकल, माझ्याकडं देऊन गेला. तिला चेन नाही, बेल्ट आहे, गेट्स कंपनीचा, पुढच्या चकतीला ४६ दात आणि मागच्या चकतीला २८. पहिले तीन महिने लई खूश होतो, तेल नाही, काळे हात नाहीत, पँटच्या पायाला डाग नाही, आणि आवाज इतका कमी की दौलताबादकडं जाताना कुत्र्यांना सुद्धा मी पुढं गेल्यावर कळायचं.

आता दोनेक आठवड्यांपासून खुलताबादहून म्हैसमाळ चढताना उभं राहून जोर दिला की 'टक' करून बेल्ट दात सोडतो. पाय एकदम खाली जातो, परवा गुडघा हँडलवर असा आपटला की दहा मिनिटं रस्त्याच्या कडंला बसून होतो. सपाटीला काहीच नाही, फक्त चढावर. शिवाय किरकिर सुरू झाली म्हणून आमच्या पंक्चरवाल्या काकांनी त्याच्यावर तेल मारून दिलं, म्हणले चेन असू दे नाहीतर पट्टा, फिरतंय म्हणल्यावर तेल लागतंच. दोन दिवस गप्प बसला आणि आता धूळ चिकटून काळा लगदा झालाय. बेल्ट संपला का? का सरळ चेन टाकू?

वाळूज_फिटर

आधी ते तेल काढा. भांड्याच्या साबणाचं पाणी, मऊ ब्रश, मग साध्या पाण्यानं धुवा, रॉकेल बिकेल लावू नका. बेल्टला वंगण नसतंच, त्याचं अंग पॉलियुरेथेनचं आणि आत कार्बन फायबरचे दोरे. धुळीनं किरकिरला तर पाणी मारायचं, फारच झालं तर सिलिकॉनचा हलका स्प्रे, बस.

दात सोडणं म्हणजे दहातल्या नऊ वेळा ताण कमी. गेट्सचं मोबाईल ॲप आहे, फोन बेल्टजवळ धरायचा आणि वरची बाजू मधोमध बोटानं तंबोऱ्याच्या तारेसारखी छेडायची, ते हर्ट्झमधे, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा दाखवतं. सिंगल स्पीडला साधारण ४५ ते ६०, तुमच्यासारखं उभं राहून हाणणाऱ्याला त्याच्या वरच्या टोकाला ठेवावं लागतं. एकाच जागी मोजू नका, पायडल थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी मोजा, चकती जराशी जरी वाकडी बसलेली असली तरी एका बाजूला ५५ आणि दुसऱ्या बाजूला ४० येतं, आणि दात सुटतो तो ४० वाल्या जागी. पण म्हणून कचकचून पण आवळू नका, मागच्या चाकाच्या हबच्या आणि पायडलच्या दांड्याजवळच्या खालच्या बेअरिंगचा जीव जातो.

एक सांगा, मागचं चाक इतक्यात कधी काढलं होतं का?

सुलीभंजन_सकाळी

दादा, कधी काढलं नव्हतं ते विचारा! महिन्यात चार पंक्चर. सगळे बाभळीचे काटे, एक तर बोटाच्या पेराएवढा, टायरमधून आरपार. काकाच काढतात आणि बसवतात, अंदाजानं ओढून नट आवळतात.

वाळूज_फिटर

मग सापडलं की. तुमच्या फ्रेमला मागं आडव्या खाचा असतील, चाक पुढं मागं सरकवून ताण द्यायचा तसल्या. म्हणजे दर पंक्चरला ताण शून्यापासून सुरू. चेन जराशी सैल राहिली तरी चालून जाती, बेल्टला ते चालत नाही. ज्या फ्रेमला सरकणारे ड्रॉपआउट (एक्सल बसतो त्या खाचा) असतात तिथं चाक काढलं तरी सेटिंग जागेवर राहतं, तुमच्याकडं ते नाही.

आता असं करा, ताण नीट बसवला की एक्सलच्या नटाजवळ फ्रेमवर मार्करनं बारीक रेघ मारा. म्हैसमाळ चढून या आणि बघा. रेघ सरकली तर चाक पुढं ओढलं जातंय, मग एक्सलला मागं ओढून धरणारा चेन टग लावा, तो बेल्टला पण चालतो. रेघ जागच्या जागी आणि तरी आकडा पडलाय, तर वाईट बातमी, कार्बनचे दोरे तसे ताणत नाहीत, म्हणजे आतला एखादा गेला असणार. जोरात असताना बेल्ट दात ओलांडून उडतो तेव्हा हे होऊ शकतं, वरून काही दिसत नाही.

आणि काकांना हात जोडून सांगा की बेल्ट चढवताना चेनसारखा चकतीच्या कडंवर अडकवून पायडल फिरवून चढवायचा नाही. चाक पुढं घ्यायचं, बेल्ट सैल बसवायचा, मग चाक मागं ओढायचं. पिळायचा नाही, उलटा वाकवायचा नाही, घडी घालायची नाही. मी एकाला बेल्टचा फास करून चकती धरून नट सोडताना बघितलंय, अंगावर काटा आला.

काळीमाती_जालना

सगळं बरोबर आहे फिटर दादा, पण खरं बोलू का, आपल्याकडं हे लाड कामून? चेन तुटली तर कन्नडला, सिल्लोडला, कुठंबी जोडून मिळती. बेल्ट तुटला तर? तो जोडता येतच नाही, अखंड असतो, म्हणून तर फ्रेमच्या मागच्या बाजूला जोड द्यावा लागतो तो आत घालायला. गौताळ्यात आत गेल्यावर तुटला की ढकलत या.

आणि पावसाळ्यातल्या काळ्या मातीचं कुणी बोलंना. मी मित्राची बेल्टवाली घेऊन गेलो होतो शेताच्या वाटंनं, दोनशे पावलं नाही गेलो तर चाक, फ्रेम सगळं लिंपल्यासारखं झालं.

वाळूज_फिटर

त्या मातीत चेन तरी कुठं चालती हो, तिथं टायरच फ्रेमला घासून थांबतं. चेन, बेल्ट, बैलगाडी, सगळं एका रांगेत उभं राहतं. उलट मधे खोबण असलेल्या बेल्टच्या चकतीला मोकळी जागा ठेवलेली असती, चिखल बाजूला ढकलला जातो. भीती चिखलाची नाही, त्याच्यातल्या खड्याची. खडा बेल्ट आणि दाताच्या मधे सापडला तर दोरा कापतो. म्हणून मातीत सायकल ढकलू नका, सरळ खांद्यावर घ्या, आणि बाहेर आल्यावर बाटलीतलं पाणी मारून मगच पायडल मारा.

तुटण्याचं म्हणाल तर मान्य. जादा बेल्ट जवळ ठेवायचा, पण डब्यातून येतो तशा मोठ्या वेटोळ्यात, कोंबून नाही.

लातूरकर_पायडल

आमच्या घरची पिठाची गिरणी होती, तिथं पट्टा घसरला की आजोबा राळ लावायचे. हे वाचून पहिलं तेच डोक्यात आलं, बरं झालं लिहिण्याआधी पुढचं वाचलं 😄 पण गिरणीचा पट्टा गुळगुळीत, तो घर्षणावर चालतो, ह्याला दात आहेत, ह्याला राळ काय कामाची.

फिटर दादा, एक विचारायचंय. भाऊंना म्हैसमाळसाठी मागं २८ च्या जागी ३० दात टाकता येईल का? तोच बेल्ट ठेवून?

वाळूज_फिटर

बेल्टचे दोन दात ११ मिमी अंतरावर असतात. मागं दोन दात वाढले की चाक साधारण ५ मिमी पुढं घ्यावं लागंल. खाचेत तेवढी जागा असंल तर तोच बेल्ट चालंल, नसंल तर पुढच्या लांबीचा घ्या. आत्ता ४६ ला २८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचे १.६४ फेरे, चेनच्या ३२ ला २० च्या जवळपास, ३० टाकल्यावर १.५३ होईल. चढाला सोपं, पण परत येताना जिल्हा परिषदेच्या रस्त्याला पाय नुसते गरागरा फिरतील.

सुलीभंजन_सकाळी

अपडेट. साबणानं धुतला, काकांच्या दुकानात स्वतः उभा राहून चाक बसवलं. आधी मोजलं तर आकडा ३१ होता! आता चारी ठिकाणी ५६ ते ६० मधे आहे. रेघ मारून रविवारी म्हैसमाळ गेलो, वरपर्यंत एकदाही दात सुटला नाही. घरी येऊन बघितलं, रेघ जागेवर, आकडा ५७.

किरकिर मात्र राहिलीच होती, ती फ्रेमच्या जोडाचा बोल्ट सैल होता त्याची निघाली. बेल्टवर उगीच आळ.

दोन्ही चाकं ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरायला टाकलीयत, म्हणजे बाभळीपायी चाक काढायची वेळ कमी येईल. काका म्हणले, मग मी काय खाऊ.