मदत हवी आहे: लिलावाच्या शेवटच्या सेकंदाला बोली लावणारं सॉफ्टवेअर वापरावं का?

कोलोनची_पुणेकर

नमस्कार मंडळी,

मी जुनी पिक्चर पोस्टकार्डं जमवते, मुख्यतः १९०० ते १९१५ च्या काळातली, पुण्या-मुंबईची. त्या काळी साहेबलोक आणि मिशनरी ही कार्डं घरी धाडायचे. आता त्यांच्या पणतवंडांनी माळे आवरायला काढले की ती ऑनलाइन लिलावात येतात. मी राहते जर्मनीत, कोलोनला. विक्रेते बरेचसे अमेरिकेतले. त्यांचे लिलाव तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या रात्री नऊला संपतात, म्हणजे माझ्याकडे पहाटेचे तीन.

परवाचा प्रकार सांगते. एका कार्डाचं शीर्षक होतं नुसतं "जुना पूल, भारत". चित्र बघताच कळलं, पुण्याचा लकडी पूल! पाठीला मधली रेघ नाही, म्हणजे मजकूर चित्राच्या कडेला लिहायचा आणि मागे फक्त पत्ता, त्या जुन्या प्रकारातलं. सुरुवातीची किंमत ९.९९ डॉलर. मी पहिल्याच दिवशी कमाल बोली ४० टाकून ठेवली. साइट माझ्या वतीने लागेल तेवढंच वाढवत जाते, हे ठाऊक आहे. नंतर एक पठ्ठ्या आला आणि त्याने १२, १५, २०, २५, ३० अशा बोल्या लावल्या. भाव ३१ वर पोचला, तरी पुढे मीच होते. सकाळी उठून बघते तर कार्ड ४१ ला गेलेलं. शेवटचे ४ सेकंद उरले असताना तिसऱ्याच कुणीतरी उचललं. एका डॉलरने!

आता प्रश्न:

१. ऐनवेळी बोली टाकणाऱ्या सेवा असतात (स्नायपिंग म्हणतात), त्या घ्याव्यात का? त्यांना माझ्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो, तिथे घोडं अडलंय.

२. तो १२-१५-२० वाला विक्रेत्याचाच माणूस असेल का?

३. भाचा म्हणतो, "मावशी, मी स्क्रिप्ट लिहून देतो. कुणी तुझ्यापुढे गेला की ती आपोआप एक डॉलर वाढवेल." हे कितपत शहाणपणाचं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

चहाटळ

पहाटे तीनला उठायची सवय लावा, काकडआरतीही चुकणार नाही. हलके घ्या.

दशमान_पद्धत

आधी तो "एक डॉलर" डोक्यातून काढा. ४१ हा समोरच्याचा आकडाच नाही, तुमचा आहे. तुमचे ४०, अधिक त्या पट्ट्यातली बोलीची पायरी १ डॉलर, झाले ४१. त्याने आत ४५ टाकले असतील किंवा १५०, पडद्यावर ४१ च दिसणार. तुम्ही ४२ टाकले असते तरी कदाचित कार्ड त्यालाच गेलं असतं, फक्त ४३ ला.

या पद्धतीत जिंकणारा मोजतो ते दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवरून. विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ साली दाखवून दिलं की बंद पाकिटाच्या लिलावात जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असेल, तर वस्तू आपल्याला जेवढ्याची वाटते तेवढाच आकडा लिहिण्यात हित आहे. कमी लिहून काही वाचत नाही. त्याला १९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि घोषणेनंतर तीन दिवसांत बिचारा गेला.

तेव्हा खरा प्रश्न असा: कार्ड ४१ ला गेल्याचं वाईट वाटलं, म्हणजे तुमचा कमाल आकडा ४० नव्हताच ना?

कोलोनची_पुणेकर

पटलं. ५५-६० पर्यंत गेले असते हो. पण मग एक कळत नाही. सर्वांत मोठा आकडा जिंकणार असेल, तर तो गुरुवारी टाकला काय आणि शेवटच्या ४ सेकंदांत टाकला काय, फरक कसला? लोक स्नायपिंगला पैसे का मोजतात?

दशमान_पद्धत

सगळे व्हिक्रीच्या हिशोबाने वागले असते तर फरक पडला नसता. पण तुमचा तो १२-१५-२० वाला बघा. त्याने स्वतःचा आकडा ठरवलेलाच नाही. तुम्ही पुढे दिसता म्हणून तो वाढवतो. तुमची बोली तिथे नसतीच तर तो १२ टाकून आरामात बसला असता. शेवटच्या ४ सेकंदांत त्याच्यावर ५५ आले असते, तर शुद्धीवर येईपर्यंत खेळ खलास, आणि कार्ड तुम्हाला १२.५० ला पडलं असतं. (अर्थात तो तिसरा नसता तर.)

दुसरं कारण तुम्हाला जास्त लागू आहे. आल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांनी ईबे आणि अॅमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावांची तुलना करून २००२ साली निबंध लिहिला. ओकेनफेल्स पुढे तुमच्याच कोलोन विद्यापीठात प्राध्यापक झाले बरं का. ईबेवर घड्याळ ठरल्या क्षणी थांबतं. अॅमेझॉनवर शेवटच्या १० मिनिटांत बोली आली की लिलाव लांबायचा. ऐनवेळच्या बोल्या ईबेवर कितीतरी जास्त सापडल्या, आणि ईबेवरही संगणकांपेक्षा जुन्या-दुर्मीळ वस्तूंमध्ये जास्त. कारण उघड आहे. संगणकाची किंमत सगळ्यांना माहीत असते. जुन्या वस्तूत मात्र ओळखणारी नजर असलेल्या माणसाने बोली लावली की बाकीच्यांना फुकटात कळतं, माल खरा आहे.

विक्रेत्याला लकडी पूल माहीत नव्हता. तुम्ही पहिल्याच दिवशी बोली लावून "इथे काहीतरी आहे" अशी दवंडी पिटलीत.

निवृत्त_शाखाधिकारी

आमच्याकडे बँकेच्या जप्त मालमत्तांचे ई-लिलाव होतात. तिथल्या नोटिशीत बहुधा लिहिलेलंच असतं, शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली तर आणखी ५ मिनिटं मुदतवाढ, आणि अशी कितीही वेळा. तिथे ४ सेकंदांची हुशारी चालत नाही. चावडीवरच्या "एक वार, दोन वार" सारखंच ते. कुणी मध्ये बोललं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा ताई, कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी साइटचा बंद होण्याचा नियम वाचा. मुदतवाढ असेल तर स्नायपिंगवर पैसे घालवू नका.

कोड_आणि_कांदेपोहे

भाच्याच्या स्क्रिप्टबद्दल: नको. एक डॉलर वाढवत राहणारी स्क्रिप्ट म्हणजे साइट तुमच्यासाठी आधीच जे करते तेच, फक्त वाईट रीतीने. वर तिला थांबायची मर्यादा घालायला भाचा विसरला तर बघायलाच नको. २०११ मध्ये अॅमेझॉनवर दोन विक्रेत्यांचे किंमत ठरवणारे प्रोग्राम असेच एकमेकांकडे बघत बसले होते. एक दुसऱ्याच्या ०.९९८३ पट किंमत लावायचा, दुसरा पहिल्याच्या १.२७०५८९ पट. गुणाकार एकाच्या वर जातो, संपलं! माश्यांच्या जनुकशास्त्रावरचं एक जुनं पाठ्यपुस्तक २ कोटी ३६ लाख डॉलरांच्या पुढे गेलं, अधिक टपालखर्च ३.९९. शिवाय परवानगीशिवाय स्वतःचा बॉट चालवणं बऱ्याच साइटच्या अटींत बसत नाही. खातं बंद झालं तर भाचा काय करणार?

स्नायपिंग सेवेचा मला दिसणारा खरा उपयोग वेगळाच आहे: गट करून बोली. समजा तेच कार्ड तीन विक्रेत्यांकडे आहे आणि तुम्हाला एकच हवंय. साइटवर तिन्हींवर कमाल बोली टाकलीत तर तिन्ही गळ्यात पडू शकतात. बऱ्याच सेवांमध्ये तिन्हींचा गट करता येतो. एक जिंकलं की बाकीच्या दोन बोल्या जातच नाहीत. मर्यादा एकच, लिलाव एकामागून एक संपायला हवेत. दोन एकाच मिनिटाला संपत असतील तर सेवेला निकाल बघायला वेळ मिळत नाही.

अवांतर: एकाच वेळी अनेक लिलाव सांभाळायचा हा प्रश्न संशोधकांनी फार चवीने चघळलाय. मिशिगन विद्यापीठाच्या मंडळींनी २००० साली बॉस्टनमध्ये सॉफ्टवेअर एजंटांची (म्हणजे स्वतःच बोली लावणाऱ्या प्रोग्रामांची) व्यापारस्पर्धा भरवली. एका डावात ८ एजंट, प्रत्येकाकडे ८ गिऱ्हाईकं. त्यांच्यासाठी विमान, हॉटेल आणि करमणुकीची तिकिटं २८ लिलावांतून एकाच वेळी घ्यायची. विमान मिळालं पण हॉटेल नाही, तर सगळंच वाया. पहिल्या वर्षी हॉटेलांचे लिलाव डावाच्या शेवटी संपायचे. मग काय, एजंटही अगदी माणसांसारखे शेवटपर्यंत दबा धरून बसले! पुढच्या वर्षी नियम बदलला: दर मिनिटाला कुठलं तरी एक हॉटेल बंद होणार, कुठलं ते आधी कळणार नाही. वाट बघणं महाग पडायला लागलं आणि एजंट आधीपासून बोली लावायला लागले.

सावली

पासवर्डचा प्रश्न बाजूलाच राहिला. तुमच्या जर्मनीतलाच किस्सा. १७९७ साली गटेला आपल्या नव्या काव्याचं हस्तलिखित फीवेग नावाच्या प्रकाशकाला विकायचं होतं. त्याने आपली किंमत बंद पाकिटात लिहून ब्योटिगर नावाच्या मध्यस्थाकडे ठेवली. अट अशी: प्रकाशकाचा आकडा पाकिटातल्यापेक्षा कमी असेल तर सौदा रद्द, जास्त असेल तर त्याने फक्त पाकिटातलीच रक्कम द्यायची. पाकिटात होते १००० थालर. प्रकाशकाने देऊ केले नेमके १०००. ब्योटिगरने आतली गोष्ट फोडली होती.

स्नायपिंग सेवेकडे तुमचा कमाल आकडाही असतो आणि खात्याची किल्लीही. मी वापरते, पण त्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही नाही आणि खात्याला बँकेचं कार्ड जोडलेलं नाही. जिंकल्यावर पैसे मी हाताने भरते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर काही सेवांचं लॉगिन अडतं, ते आधी तपासा. सेवेचा सर्व्हर नेमका त्या क्षणी झोपला तर बोली जात नाही, आणि दुसरी संधी नाही. जे कार्ड सोडवतच नाही, त्यासाठी गजर लावून उठते.

प्रश्न २ बद्दल: बोल्यांच्या इतिहासात त्या टोपणनावाच्या किती टक्के बोल्या याच विक्रेत्याकडे गेल्यात, हे बऱ्याचदा दिसतं. नव्वदच्या घरात असेल आणि तो कधीच जिंकत नसेल, तर संशय घ्या आणि साइटला कळवा. पण नुसतं १२-१५-२० हे नवशिक्याचंही लक्षण आहे.

कोलोनची_पुणेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासलं: त्या पठ्ठ्याच्या बोल्या वीसेक विक्रेत्यांकडे विखुरलेल्या आहेत, म्हणजे साधाच हौशी दिसतो. भाच्याला स्क्रिप्ट नको म्हणून कळवलंय, थोडा हिरमुसलाय. स्नायपिंग सेवा नव्या पासवर्डने घेतेय. रविवारी दोन विक्रेत्यांकडे एकच कार्ड संपतंय, अर्ध्या तासाच्या अंतराने. गट करून दोन्हींवर ५३.१७ टाकते.

दशमान_पद्धत

१७ सेंट छान. आकडा सारखा झाला तर आधी आलेली बोली जिंकते, आणि गोल आकडे बरेच जण टाकतात.

सावली

कार्ड कुठलं ते मात्र रविवारपर्यंत इथे लिहू नका. मीपण पुण्याचीच जमवते.

चहाटळ

आकडा तर लिहून बसल्या!

कोलोनची_पुणेकर

बदलला. :)