बसथांब्यावरची सिगारेट : दंड की वसुली?

डोंबिवलीकरीण : मुक्तछंद यांनी काल लिहिलं, 'सिगारेटबंदी म्हणजे पोलिसांची कमाई. काळजी असती तर सरकारने कारखानेच बंद केले असते. माझं फुप्फुस, माझा निर्णय.' वाचून इतका संताप झाला की सविस्तर लिहितेय. तुमचं फुप्फुस तुमचं, माझ्या मुलाचं कुणाचं? त्याला दमा आहे. रांगेत पुढचा माणूस पेटवतो आणि रांग सोडली तर बस जाते. मुंबईतले काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने न ओढणाऱ्यांच्या जगण्याच्या हक्काचाच विचार केला होता. 2003 साली सार्वजनिक जागी ओढायला बंदी घालणारा कायदा आला, 2 ऑक्टोबर 2008 पासून नवे नियम. बसथांबा त्यात स्पष्ट लिहिलाय. घरी ओढायला कोण अडवतंय?

मुक्तछंद : मुलाबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण दंडाची कमाल मर्यादा दोनशे रुपये आहे ना? माझ्याकडून शंभर घेतले, पावती मागितली तर 'मग दोनशे भर' म्हणाले. याला वसुली नाही तर काय म्हणायचं? आणि तीस खोल्यांच्या हॉटेलात, तीस खुर्च्यांच्या रेस्टॉरंटात धूम्रपानाची वेगळी जागा चालते. चहाच्या गाड्यावर उभ्या हमालाला तशी सोय आहे का?

गल्लामालक : नियम मला विचारा, हॉटेल चालवतो. 'धूम्रपान मनाई'चा साठ बाय तीस सेंटिमीटरचा फलक लावायचा, त्यावर तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव घालायचं. ते नाव माझं. ॲशट्रे, काडेपेटी ठेवायची नाही. गिऱ्हाईकाने पेटवली की विझवायला सांगायचं मी, शिव्या खायच्या मी, कारवाई झाली नाही तर दंडही मलाच!

लालमाती : तुमची सगळी चर्चा शहरी आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ओढणारे प्रौढ 3.8 टक्के, बिनधुराची तंबाखू खाणारे 24.4 टक्के. गुटखाबंदी 2012 पासून आहे आणि आमच्या गावात पुडी मागाल तेव्हा मिळते. माझा चुलता जबड्याच्या कॅन्सरने गेला. शेवटी पेजसुद्धा गिळता येत नव्हती. धुरावर भांडणाऱ्यांनी एकदा एसटी स्टँडच्या भिंती बघाव्यात.

डोंबिवलीकरीण : चुलत्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण गुटखा मिळतो म्हणून धूर सहन करायचा, हा कुठला हिशेब? दोन्ही थांबवा.

पूर्वभाग_सोलापूर : 'कारखाने बंद करा' कुणी म्हटलं? मुक्तछंदसाहेब, कारखान्यात कोण असतं माहीत आहे का? माझी आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, कात्रीने तेंदूची पानं कापायची, जर्दा भरायचा, दोरा बांधायचा. हजार बिड्यांवर मजुरी, त्यातूनही खराब म्हणून काढून टाकलेल्यांचे पैसे नाहीत. एकही बिडी न ओढता आयुष्यभर खोकली. तरी आम्ही भावंडं त्याच पैशांवर शिकलो. उद्या कारखाना बंद केलात तर त्या बायकांनी जायचं कुठे?

लालमाती : म्हणजे विष विकत राहायचं? माझ्या चुलत्याच्या जिवावर तुमचं शिक्षण?

पूर्वभाग_सोलापूर : तोंड सांभाळून! तुमचे चुलते पुड्या खात होते, माझी आई बिड्या वळत होती. तिला शिलाईचं काम मिळालं असतं तर एका दिवसात सूप फेकलं असतं. द्यायला कुणी आलं नाही.

लालमाती : ते वाक्य मागे घेतो. पण धंदा चालू राहावा, हे मला मान्य नाही.

पूर्वभाग_सोलापूर : चालू राहावा असं मीही म्हणत नाही. आधी काम द्या, मग टाळं लावा. ओढण्यावरची बंदी मला चालते. बिडीची विक्री घटणारच असेल, तर त्या बायकांची सोय आत्तापासून करा.

मुक्तछंद : कारखान्यांबद्दल मी रागात लिहिलं, तो भाग सोडा. पावतीचं उत्तर मात्र अजून कुणी दिलेलं नाही.

डोंबिवलीकरीण : पावती मिळालीच पाहिजे. हॉटेलांची सवलतही रद्द व्हावी, तिथल्या वेटरलाही फुप्फुसं आहेत. यावर तुमच्याबरोबर अर्जावर सही करते. बसच्या रांगेत पेटवणार नाही, एवढं लिहून द्या.

मुक्तछंद : रांगेत नाही पेटवणार. रस्त्यावर मात्र ओढेन, तिथे कायदाही मला अडवत नाही.

डोंबिवलीकरीण : मग थांब्यापासून लांब उभे राहा. वारा आमच्याच दिशेने येतो.