दुर्लक्षित मराठी चित्रपटांच्या महोत्सवासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गिरगावातल्या आमच्या चाळीत दर डिसेंबरला चौकात पडदा लावून आम्ही फारसे कुणी न पाहिलेले मराठी चित्रपट दाखवतो. तिकीट नाही, खुर्च्या मंडळाच्या. मागच्या वर्षी ‘२२ जून १८९७’ (१९७९) दाखवला. रँडच्या वधाच्या प्रसंगाला गॅलरीतली पोरंसुद्धा कठड्याला चिकटून गप्प उभी होती. असा चित्रपट घराघरांत माहीत नसावा, याचं फार वाईट वाटतं.

यंदा ‘आक्रित’ (१९८१) दाखवायचा आहे. मानवतच्या हत्याकांडावर बेतलेला, अमोल पालेकरांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. फ्रान्समधल्या नांत महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता. आमच्याकडे आहे ती व्हीसीडीवरची प्रत. रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात, संवाद घरघरतात. लोकांना हे असलं दाखवायला मन धजत नाही.

तर, त्याचे हक्क सध्या कुणाकडे आहेत? तिकीट नसलं तरी सार्वजनिक खेळाला परवानगी लागतेच, आणि ती आम्हाला रीतसरच घ्यायची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून कुणी चांगली प्रत मिळवली आहे का? अर्ज कुणाच्या नावे करायचा, नोंदणीकृत संस्था लागते की चाळ कमिटीचं पत्र चालतं? हक्कधारकाचं संमतीपत्र आधी जोडावं लागतं का?

आणखी एक, प्रोजेक्टर भाड्याने देणारं दादर-गिरगाव पट्ट्यातलं खात्रीचं कुणी असेल तर जरूर सुचवा. चौकात रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येतो, त्यामुळे साधा ऑफिसचा प्रोजेक्टर पुरत नाही.