साडेपाच वर्षांच्या मुलाला स्वतः वाचायला पुस्तकं सुचवा (दोनच घ्यायचीत)

गोंधळलेली_आई: मुलाला अक्षरं येतात, काना-मात्रा-वेलांटीही जमतं, पण जोडाक्षर आलं की पुस्तक मिटून पळतो. बजेट दोनच पुस्तकांचं आहे, संच नको, अ‍ॅप नको. काय बघून घेऊ?

ग्रंथप्रेमी: सरळ ज्ञानकोशाचा संच घ्या. महाग वाटेल पण एकदाच घ्यायचा. आमची लेक त्याच्यावरच वाढली, पाचव्या वर्षी पेपर घडाघडा वाचायची.

टवाळ: संचात ग्रह किती लिहिलेत? आमच्याकडच्यात नऊ आहेत, प्लूटोला २००६ मध्येच बाहेर काढलाय.

ग्रंथप्रेमी: बटुग्रह म्हणजे पण ग्रहच ना.

टवाळ: मग सेरेस आणि एरिस पण मोजा की काका.

माऊची_मावशी: बटण दाबून आवाज येणारं पुस्तक अजिबात आणू नका! आमच्या धाकटीने मागचं झाकण उचकटलं, चपटा सेल हातात. तो घशाखाली अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, तेव्हा घेतलंच तर झाकणाला स्क्रू आहे का बघा.

गोंधळलेली_आई: बाप रे. पण ताई, मी आवाजवालं विचारलंच नव्हतं 🙂

शाळावाली: दोन वेगळ्या कामांसाठी घे. एक तो वाचेल, एक तू वाचून दाखवशील. त्याच्या पुस्तकात पानावर एकदोनच ओळी, टाइप ठसठशीत, मात्रा-वेलांट्या गिचमिड नकोत आणि तेच वाक्य फिरून फिरून यायला हवं म्हणजे पोरांना पुढचं आधीच कळतं आणि जोर येतो. घ्यायच्या आधी मधलंच पान उघडून वाचायला दे, अडला शब्द की एक बोट मिटायचं, पान संपायच्या आत पाचही मिटली तर ते तू वाचायचं पुस्तक. आणि जोडाक्षर नसलेलं शोधत बसू नकोस, मराठीत 'म्हणाला', 'त्याने', 'पुन्हा' वगळून गोष्ट सांगून दाखव बरं! हे चारसहा शब्द त्याला फोड न करता अख्खेच ओळखू देत.

जुना_सदस्य: विकत कशाला? प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळ्या पण लावलेल्या.

संस्कारी_बाबा: स्क्रीन नको म्हणाल्यात त्या. तात्पर्यवाली पुस्तकं घ्या, वळण लागतं.

जुना_सदस्य: प्रिंट काढता येते हो. आणि तात्पर्य आलं की आमचं कार्टं उठून जातं.

नवी_पालक: माझ्या मते एक त्याने वाचायचं आणि एक आपण, असं घ्या.

शाळावाली: वरती तेच लिहिलंय.

गोंधळलेली_आई: घेतलं एकदाचं. बोटांची युक्ती केली, तिसऱ्या ओळीतच पाच मिटली, तरी तेच हवं म्हणून बसला. ऑक्टोपसवरचं जाडजूड, बारीक टाइपाचं. दोन्हींचं बजेट त्यातच गेलं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं असतं हे वाचून दाखवल्यापासून 'हृदय' शब्द प्रत्येक पानावर शोधतोय, 'हृ' बरोब्बर वाचतो.

शाळावाली: साडेपाचला एवढा बारीक टाइप?? असो.

नवी_पालक: माझी अडीच वर्षांची आहे, पानं फाडते, तिला काय घेऊ?

टवाळ: जाड पुठ्ठ्याचं. आणि नवा धागा काढा.